फक्त वायरिंग राहिलंय

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या या गावांत गॅरेजांच्या मागच्या अंगणात कधी ना कधी एक अर्धवट गाडी नजरेला पडते. चौकोनी पाइप वेल्ड करून केलेला सांगाडा, त्यात जुन्या ओम्नीचं इंजिन, मागे तिचाच एक्सल, बसायला भंगारातून आणलेली दोन सीटं आणि वर ताडपत्री. गाडी कधी निघणार, असं मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "झालीच की. फक्त वायरिंग राहिलंय." पुढच्या दिवाळीला गेलं तरी ताडपत्री तिथंच असते आणि उत्तरही तेच.

हे पुस्तक त्या 'फक्त'विषयी आहे. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, चाकं लागली, म्हणजे गाडी झाली असं आपल्याला वाटतं, कारण तेवढंच डोळ्याला दिसतं. पण चालवणाऱ्याचा पाय आणि इंजिन यांच्यात अजून काहीच बोलणं झालेलं नसतं. रेसचं पॅडल कुठे बसवायचं, ते इंजिनाला काय आणि कसं सांगणार, इंजिनाला ठिणगी आणि इंधन कोण देणार, बिघाड झाला तर ते सगळं कोण बंद करणार, ही कामं उरलेली असतात. घरी बांधलेल्या गाड्या बहुधा इथंच अडतात. ज्या अडत नाहीत, त्यांतल्या काही नको तिथे पळतात, आणि ते जास्त वाईट.

सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडलेल्या गाडीला जगभर किट कार म्हणतात. या प्रकाराला नाव मिळवून दिलं ते इंग्लंडमधल्या लोटस सेव्हननं. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली ही हलकी, दोन माणसांची गाडी सुटी विकत घेतली तर तयार गाडीवरचा खरेदीकर लागत नसे. त्यामुळे बेताच्या कमाईचे तरुण खोकी घरी आणून पडवीत गाडी जोडू लागले. १९७३ मध्ये तिथली करपद्धत बदलली, सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवागन बीटलचे भाग फायबरच्या हलक्या बॉडीत बसवून वाळूत पळणारी बग्गी केली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाचं पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे त्यात सांगितलं होतं. त्यातून एक मोठी परंपराच सुरू झाली : संच विकत न घेता एखादी जुनी गाडी दाता म्हणून घ्यायची आणि तिच्या अवयवांतून नवी उभी करायची. आपल्याकडे जे चालतं ते बहुतेक या तिसऱ्या वळणाचं आहे.

महाराष्ट्रालाही या कामाचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपण पुरेसा सांगत नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरुवात करून सत्तरच्या दशकापर्यंत 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने बांधले. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हे त्यांचं ध्येय होतं. कारखाना उभा राहू शकला नाही, पण कापडाच्या गावात बसून एक माणूस मोटार घडवू शकतो हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या घाटाची रोडस्टर तयार केली. तिच्यात ॲम्बॅसडरला वापरलं जाणारं १.८ लिटरचं इसुझु पेट्रोल इंजिन होतं. सांगली जिल्ह्यात यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्रे इथं, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांना बदल्यात बोलेरो देऊ केली. तेव्हाच महिंद्रांनी हेही सांगितलं होतं की अशी गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे कधी ना कधी ती थांबवली जाईल. त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्या अगदी शेजारचं उदाहरण पाबळचं. आंबेगाव तालुक्याच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, शिरूर तालुक्यात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, ही त्यामागची श्रद्धा. तिथं जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅबही याच खेड्यात आली. खेड्यातला मुलगा यंत्र दुरुस्त करतोच, तो यंत्र रचूही शकतो, हा विचार आपल्या पंचक्रोशीत असा चाळीस वर्षं मुरलेला आहे. हे पुस्तक त्याच मातीतलं आहे.

आता विषयाच्या गाभ्याकडे. पायापासून इंजिनापर्यंत हुकूम नेण्याच्या तीन पद्धती आहेत आणि त्या एकामागून एक आल्या.

पहिली सळ्यांची. जुन्या जीपांत आणि ट्रॅक्टरांत पॅडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत किंवा डिझेल पंपापर्यंत लोखंडी सळ्या आणि बेलक्रँक असत. पद्धत दणकट, पण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि सळी त्याच्याबरोबर ओढली जाते. खडकाळ रस्त्यावर पाय स्थिर असूनही रेस कमी-जास्त होते. दुसरी केबलची. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेली, आवरणातून सरकणारी तार आपण सायकलच्या ब्रेकमध्ये रोज पाहतो. ती वाकते, इंजिनाच्या हालचालीला दाद देत नाही, स्वस्त आहे आणि बसथांब्याजवळच्या दुकानातही मिळते. तिसरी पद्धत विजेची. यात पॅडलला तार नसतेच. पॅडलमध्ये दोन सेन्सर असतात, ते पायाची जागा व्होल्टमध्ये ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतात, आणि थ्रॉटल बॉडीतली मोटर झडप उघडते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बीएमडब्ल्यूच्या महागड्या गाड्यांतून ही पद्धत रस्त्यावर आली. आज आपल्या गावातल्या साध्या पिकअपमध्येही तीच आहे.

तिन्ही पद्धतींत कसोटी एकच : पाय उचलला की इंजिन शांत झालं पाहिजे. तार गंजली, स्प्रिंग तुटली, चप्पल अडकली, वायर निघाली, काहीही झालं तरी. माझ्या उमेदवारीच्या काळात मी शेतात औषध फवारणीचा पंप ओढायला एक छोटी गाडी बांधली होती. केबल एक्झॉस्टच्या जवळून नेली होती, कारण ती वाट जवळची होती. उष्णतेनं आवरण मऊ झालं, तार आत रुतली आणि द्राक्षांच्या दोन ओळींमध्ये रेस वर अडकली. मी चावी फिरवली, इंजिन बंद झालं, आणि तीन वेलींचा मांडव तेवढा आडवा झाला. चावीची वायर त्या दिवशी नीट होती म्हणून हे लिहायला बसलो आहे. तेव्हापासून केबलची वाट मी आधी कागदावर काढतो.

केबलवाल्या पॅडलचं गणित अवघड नाही. पायाच्या ठिकाणी पॅडल ६० मिलिमीटर सरकतं आणि थ्रॉटल पूर्ण उघडायला तार ३० मिलिमीटर ओढावी लागते असं समजू. मग खिळीपासून तार जिथे अडकवायची ते अंतर पॅडलच्या लांबीच्या निम्मं ठेवायचं. थ्रॉटल पूर्ण उघडल्याच्या क्षणी पॅडल खाली एका अटकावावर टेकलं पाहिजे. नाहीतर घाबरलेल्या माणसाचा सगळा जोर तारेवर येतो आणि तार ताणते किंवा तुटते. परत आणणारी स्प्रिंग एक पुरत नाही. एक थ्रॉटलवर आणि एक पॅडलवर, अशा दोन हव्यात, आणि एक तुटली तरी दुसरीनं एकटीनं थ्रॉटल बंद करायला हवं. ब्रेक आणि रेस यांच्यात चालवणाऱ्याच्या रुंद चपलेएवढी जागा हवी. आपल्याकडे गाडी चप्पल घालून चालवतात हे लक्षात ठेवूनच पॅडल बसवायचं असतं. पायपुसणीसुद्धा या गणितात येते. २००९-१० मध्ये टोयोटानं जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे मॅटमध्ये अडकणारं आणि दाबल्यावर चिकटून राहणारं पॅडल हीच कारणं होती. एवढ्या मोठ्या कारखान्याला ज्या गोष्टीनं गाठलं, ती आपल्या शेडमध्ये क्षुल्लक कशी धरायची?

विजेच्या पॅडलला बहुधा सहा वायरी असतात : दोन पाच व्होल्टच्या, दोन सेन्सरच्या अर्थिंगच्या आणि दोन इशाऱ्याच्या. पुष्कळ गाड्यांत एका इशाऱ्याचं व्होल्टेज दुसऱ्याच्या जवळपास निम्मं ठेवलेलं असतं. ईसीयू दोन्हींची सतत तुलना करतो. हिशेब जुळला नाही की तो पॅडलवर विश्वास ठेवत नाही आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढीच रेस देतो. इथं पिळून टेप गुंडाळलेला सांधा चालत नाही, कारण त्या सांध्यातला थोडासा रोधही ईसीयूला पायाची खोटी जागा सांगतो. सेन्सरची अर्थिंग बॉडीला जोडायचीही नाही, ती ईसीयूकडेच परत गेली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांच्या नियमावलीत तर दोन सेन्सरांत पॅडलच्या प्रवासाच्या दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला आणि तो १०० मिलिसेकंद टिकला की ताकद तोडावीच लागते. डोळ्याचं पातं लवण्याइतकाच हा वेळ. अशा नियमांत इंजिनिअरांच्या पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो, म्हणून ते पाठ करण्याआधी समजून घ्यावेत.

आता वायरिंग. इथंही तीन घराणी आहेत.

एक घराणं कमीत कमी वायरींचं. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू राहायला वीज जवळपास लागतच नाही. सेल्फ, चार्जिंग, दिवे आणि इंजिन बंद करणारा सोलेनॉइड, एवढ्यात काम भागतं. आपल्याकडच्या शेतातल्या बऱ्याच गाड्या याच घराण्यातल्या. पण इथंही एक निवड करावी लागते. वीज मिळाल्यावर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड असतो, तसा वीज मिळेपर्यंतच इंजिन चालू ठेवणाराही असतो. पहिल्याची वायर तुटली तर इंजिन बंदच होत नाही. दुसऱ्याची तुटली तर ते आपोआप थांबतं. जिथे निवड हातात असेल तिथे दुसरा घ्या. या पुस्तकाचा सगळा विचार या एका उदाहरणात आहे : बिघाड होणारच, तो शांत बाजूला पडेल अशी रचना आपण करायची.

दुसरं घराणं दात्या गाडीचं वायरिंग सबंध उचलण्याचं. अपघातात गेलेल्या गाडीतून इंजिन घेताना तिचा ईसीयू, चावी, इमोबिलायझर, रेसचं पॅडल, थ्रॉटल बॉडी आणि फ्यूज बॉक्स हे सगळं कुटुंब एकत्र घ्यावं लागतं. चावी एकीची आणि ईसीयू दुसरीचा असेल तर सेल्फ फिरेल, पण इंजिन धरणार नाही. मग काचा, वायपर, टेप यांच्या वायरी एकेक करून सोडवायच्या. हे काम बाजरीतलं तण काढण्यासारखं आहे. घाई केली तर पीकच उपटलं जातं. तिसरं घराणं नव्या स्वतंत्र ईसीयूचं. त्यात वायरी आपण ओढायच्या आणि इंधनाचा नकाशाही आपणच भरायचा. स्वातंत्र्य मोठं, खर्च आणि अभ्यासही मोठा. नवशिक्यानं दुसऱ्या घराण्यापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घराणं कुठलंही असो, पाया सारखाच. सेल्फची जाड केबल सोडली तर बॅटरीतून निघालेली प्रत्येक वाट फ्यूजमधून गेली पाहिजे, आणि तो फ्यूज बॅटरीजवळ हवा. फ्यूज वायरीला जपण्यासाठी असतो. म्हणून त्याचा आकार वायरीच्या जाडीवरून ठरवायचा. जड भार रिलेनं तोडायचा. रिलेच्या पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन प्रमाणातून आले आणि आज आळेफाट्याच्या दुकानातल्या रिलेवरही तेच असतात. इंजिन आणि सांगाडा यांच्यातली जाड अर्थिंग ही तर सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. ती नसेल तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधतो, आणि कधी कधी त्याला रेसची केबल सापडते. तापून लाल झालेली केबल पाहिलेला मिस्त्री अर्थिंग पुन्हा विसरत नाही. जुन्या डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की चार्जिंगच होत नाही. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब काढून टाकलेला असतो, आणि पुष्कळ अल्टरनेटरांना जागं होण्यासाठी लागणारा प्रवाह त्या बल्बातूनच मिळतो.

वायरीची जाडी अंदाजानं घेण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून एक हिशेब इथंच मांडतो. रेडिएटरचा पंखा २० अँपिअर ओढतो आणि जाऊन-येऊन वायर ८ मीटर आहे असं धरू. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम, म्हणजे आठ मीटरचा ०.१४. वीस अँपिअरला २.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि ५६ वॅट उष्णता त्या बारीक वायरीत साठते. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट सव्वा व्होल्टच्या आत राहते. पंखा हळू का फिरतो, इंजिन का तापतं आणि टेप का वितळतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका हिशेबात आहेत.

जागेचाही विचार करावा लागतो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला लागतात आणि पूर्वेला कोरड्या पठारावर संपतात. नाणेघाट आणि भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात चार महिने कनेक्टर कोरडा राहत नाही. आणे पठार आणि बेल्ह्याच्या बाजूला धूळ रिलेच्या पायांत जाऊन बसते. मध्ये कुकडी आणि घोड नद्यांच्या कालव्यांवरचा उसाचा पट्टा आहे, तिथे उंदीर वायरी कुरतडतात. एकाच पुस्तकातून या तिन्ही भागांतल्या गाड्या बांधायच्या असतील तर जलरोधक कनेक्टर, पन्हळी स्लीव्ह आणि वायरी जमिनीपासून किती उंच न्यायच्या, हे ठिकाण पाहून ठरवावं लागतं. परदेशी पुस्तकात हे सापडणार नाही.

शिवाय आपल्याला एक असा शेजारी लाभला आहे, की ज्याच्यामुळे ठिणगीचं शास्त्र शिकणं ओघानंच येतं. खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. ती आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपते. पेट्रोल इंजिनाची प्रत्येक ठिणगी हीसुद्धा एक छोटी रेडिओ लहर सोडत असते. जी लहर खगोलशास्त्रज्ञाच्या कामात ढवळाढवळ करते, तीच तुमच्या क्रँक सेन्सरच्या वायरीत शिरून ईसीयूला फसवते. म्हणून रोध असलेले स्पार्क प्लग आणि हाय टेन्शन वायरी वापरायच्या, सेन्सरच्या वायरी त्यांच्यापासून लांब आणि पीळ घालून न्यायच्या. ईसीयूंच्या आपापसातल्या बोलण्यासाठी असलेली कॅन नावाची वायरींची जोडीही पीळ घातलेलीच असते, आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो. बॅटरी काढून मोजल्यावर मीटरवर ६० ओहम दिसले तर दोन्ही टोकं जागेवर आहेत असं समजावं.

हे सगळं आज लिहिण्याची निकड काय? १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून जवळपास दोन दशकं आपल्या मिस्त्रींनी कार्ब्युरेटरवर हात बसवला. कानानं ऐकून आयडल लावणारी ती पिढी थोर होती. पुढे इंजेक्शन आलं, आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. आता भंगारात येणाऱ्या इंजिनांतही सेन्सर, ईसीयू आणि विजेचं पॅडल असतं. केबलचं कसब पुरत नाही, आणि नवं कसब शिकवणारं मराठीत फार थोडं आहे. दक्षिणेला तासाभराच्या वाटेवर चाकण आहे, तिथे महिंद्रा, बजाज, फोक्सवागन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. अभियांत्रिकीचं शिक्षण आता कुरण, डुंबरवाडी, बेल्ह्यापर्यंत पोचलं आहे. बाहा आणि फॉर्म्युला स्पर्धांसाठी विद्यार्थी गाड्या बांधतात. कारखान्यातल्या मुलाला प्रमाण माहीत असतं, गॅरेजातल्या मुलाच्या हातात कला असते, कॉलेजातल्या मुलाकडे सूत्र असतं. तिघं एकाच तालुक्यात राहतात, पण एका बाकावर बसत नाहीत. त्यांना एका बाकावर आणावं, ही या पुस्तकामागची इच्छा आहे. विजेच्या गाड्या आल्या तरी हा अभ्यास वाया जाणार नाही. त्यांत इंजिन नाही, पण दोन सेन्सरांचं पॅडल आहे, फ्यूज आहे, रिले आहे, आणि चूक झाली तर जीवाला धोका आजच्याहून जास्त आहे.

कायद्याची बाजू सरळ सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या गाडीत कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच कठोरपणे अधोरेखित केलं. नव्या नमुन्याची गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची तपासणी व्हावी लागते, आणि तो खर्च एकट्या माणसाला झेपणारा नाही. म्हणून या पुस्तकातली गाडी शेताच्या बांधाआतली, कार्यशाळेतली आणि स्पर्धेच्या मैदानातली आहे. पुणे-नाशिक महामार्गावर ती नेऊ नका. देवराष्ट्र्याच्या जीपबद्दल जे सांगितलं गेलं ते आपल्यालाही लागू आहे. हा नियम कलेचा अपमान करत नाही. समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाला तुमच्या थ्रॉटलच्या दुसऱ्या स्प्रिंगबद्दल काहीच माहीत नसतं, एवढंच त्याचं कारण आहे.

पुस्तकाच्या भाषेविषयीही सांगायला हवं. किर्लोस्करांनी १९२० मध्ये मासिक सुरू केलं तेव्हापासून यंत्रांविषयी मराठीत चांगलं लिहिलं गेलं आहे. पण गॅरेजची बोली आणि पाठ्यपुस्तकाची परिभाषा यांच्यातलं अंतर वाढतच गेलं. 'प्रवेगक' म्हटलं तर मिस्त्री थबकतो, 'रेस' म्हटलं तर विद्यार्थी परीक्षेत नापास होतो. इथं आम्ही बोलीतला शब्द पायाशी घेतला आहे आणि त्याच्यावर अर्थ नेमका केला आहे. अर्थिंग, सेल्फ, रेस, पिकअप, शॉर्ट हे शब्द तसेच ठेवले, पण प्रत्येक शब्द कुठे लागू होतो आणि कुठे होत नाही, हे ठरवून दिलं. गॅरेजात 'करंट' हा शब्द व्होल्टेजलाही वापरतात आणि प्रवाहालाही. त्या एका गोंधळातून किती वायरी जळल्या असतील!

हे पुस्तक कुठल्याही एका गाडीची कृती देत नाही. तसं केलं असतं तर ती गाडी जुनी होताच पुस्तकही भंगारात गेलं असतं. इंजिन कुठलंही समोर आलं तरी त्याला कोणते प्रश्न विचारायचे, मीटर कुठे लावायचा, कोणत्या क्रमानं वीज सोडायची, आणि गाडी पहिल्यांदा सुरू करताना मागची चाकं जॅकवर का ठेवायची, ते इथं आहे. वाचणाऱ्याला ओहमचा नियम येत नसेल तरी चालेल, तो वाटेत येईल. मात्र वाचणारा घाईत असेल तर चालणार नाही. आमच्या अनुभवात वायरिंगला सांगाड्याइतकाच वेळ लागतो. तो आधीच धरला तर ताडपत्रीखालच्या गाडीचं दुःख वाट्याला येत नाही.

शेवटी एक मागणं. आपल्याकडचं बहुतेक ज्ञान मिस्त्रीच्या डोक्यात असतं आणि मिस्त्रीबरोबर जातं. लाल वायर कुठे गेली हे त्यालाच ठाऊक, आणि तो मुंबईला मुलाकडे गेला की गाडी मुकी होते. म्हणून या पुस्तकाच्या शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत. त्यांवर तुमच्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा काढा. प्रत्येक वायरीचा रंग, जाडी, फ्यूज, आणि ती कुठून कुठे जाते ते लिहा. तारीख घाला. त्याची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आत चिकटवा. तो नकाशा पुरा होईपर्यंत गाडीला चावी लावू नका.